खिडकीच्या आत दुसरी खिडकी: बाहेरचा आवाज आणि फटींतला वारा अडवण्यासाठी

जुनी खिडकी जागेवर ठेवून तिच्या आतल्या अंगाला, मधे थोडे अंतर सोडून, दुसरी खिडकी बसवणे हा रस्त्याचा आवाज कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. जुनी खिडकी उखडून तिथे कारखान्यात जोडलेली दुहेरी काच लावण्यापेक्षाही आवाजाच्या बाबतीत तो सरस ठरतो. त्या दुहेरी काचेत दोन काचांमधे साधारण १२ ते १६ मिमी अंतर असते. आतून वेगळी खिडकी लावली तर हेच अंतर १०० मिमी किंवा त्याहून जास्त ठेवता येते आणि सगळा फरक तिथे पडतो. बहुतेक लोक आधी काचेची जाडी विचारतात. खरे तर आधी फटी, मग अंतर आणि त्यानंतर जाडी, या क्रमाने विचार केला तर खर्च वाया जात नाही.

आधी जुनी खिडकी नीट करा

जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. खिडकीच्या क्षेत्रफळातली १ टक्का जागा उघडी राहिली, तर उरलेल्या ९९ टक्के भागात कितीही जाड काच असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. ०.१ टक्का उघडी असेल तर ही मर्यादा ३० डेसिबल. १.२ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच खिडकीत ०.१ टक्का म्हणजे साधारण १४ चौरस सेंटिमीटर, म्हणजेच ३ मिमी रुंदीची आणि जेमतेम ४८ सेंमी लांबीची फट. पल्ल्याच्या एकाच बाजूला एवढी फट असणे अगदी नेहमीचे आहे. तुलनेसाठी लक्षात ठेवा: आवाज १० डेसिबलने उतरला की कानाला तो सुमारे निम्मा वाटतो, ३ डेसिबलचा फरक मात्र जेमतेम जाणवतो.

फटी शोधण्यासाठी वारा असलेला दिवस निवडा. पंखे बंद करा, दारे आणि इतर खिडक्या लावून घ्या, गॅसवर चालणारी सगळी उपकरणे बंद ठेवा आणि एक्झॉस्ट फॅन चालू करा. घरातली हवा बाहेर ओढली गेली की फटींतून बाहेरची हवा आत येऊ लागते. पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने हळू फिरवा. धूर जिथे वाकतो तिथे पेन्सिलने खूण करा. पल्ला आणि चौकट यांच्यामधे कागदाची पट्टी धरून पल्ला लावा आणि पट्टी ओढा. ती सहज निघाली तर त्या ठिकाणी रबर दाबले जात नाही. रात्री एकाने बाहेरून टॉर्च मारायचा आणि दुसऱ्याने आतून अंधारात पाहायचे, ही तपासणीही चांगली, पण वाकड्या वळणाच्या फटींतून उजेड येत नाही आणि हवा मात्र येते. म्हणून फक्त टॉर्चवर विसंबू नका.

मग दुरुस्ती. हलणाऱ्या तावदानाची सुटलेली पुट्टी किंवा बीडिंग नवे करा. पल्ला खाली झुकला असेल तर बिजागऱ्यांचे स्क्रू कसा. भोक मोठे झाले असेल तर त्यात लाकडाची काडी फेविकॉलने बसवून पुन्हा स्क्रू लावा. सरकत्या खिडकीची झिजलेली ब्रशपट्टी खाचेतून ओढून काढता येते, तिथे त्याच रुंदीची आणि उंचीची नवी सरकवा. चौकट आणि भिंत यांच्यातली भेग सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. ती खरवडून साफ करा, ५ मिमीपेक्षा रुंद असेल तर आत फोमची गोल दोरी दाबा आणि वरून सीलंट भरा. एक गोष्ट मात्र करू नका: बाहेरच्या चौकटीच्या खालच्या पट्टीत पावसाचे पाणी जाण्यासाठी लहान छिद्रे असतात, ती बुजवू नका.

याच वेळी खोलीतले इतर रस्तेही पाहा. खिडकीवरचा झरोका, एसीच्या पाइपाभोवतीचे भोक, गुंडाळणाऱ्या शटरची पेटी, दाराखालची फट. झरोका उघडा ठेवून खाली महागडी काच लावली तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

दोन काचांमधले अंतर

दोन काचा आणि मधली हवा यांची एक जोडी होते. हवा स्प्रिंगसारखी वागते आणि एका ठरावीक कंपनाला दोन्ही काचा एकमेकींच्या साथीने हलू लागतात. त्या स्वराला ही जोडी आवाज अडवण्याऐवजी पुढे ढकलते. बाहेर ४ मिमी आणि आत ६ मिमी काच असेल, तर १६ मिमी अंतराला हा स्वर साधारण १९५ हर्ट्झवर येतो. बस आणि ट्रक यांच्या इंजिनांची घरघर त्याच्या आसपासच असते, म्हणून अरुंद दुहेरी काच लावूनही ती घरघर घरात येतच राहते. अंतर १०० मिमी केले की तोच स्वर सुमारे ७७ हर्ट्झवर उतरतो, १५० मिमीला सुमारे ६३ वर. त्याच्या वरचे सगळे आवाज चांगले अडतात. १०० मिमी ही किमान पायरी धरा. १५० ते २०० मिमी मिळत असेल तर घ्या. त्यापुढे मिळणारा फायदा हळूहळू कमी होत जातो.

उष्णतेचे आणि थंडीचे गणित वेगळे आहे. तिथे १५ ते २० मिमी अंतर पुरते, कारण त्याहून रुंद पोकळीत हवा स्वतःच वरखाली फिरू लागते आणि वाढीव अंतराचा लाभ होत नाही. तोटाही फारसा होत नाही. एका साध्या काचेतून जेवढी उष्णता जाते, तिच्या साधारण निम्मी दोन काचांतून जाते. म्हणजे फक्त गार वाऱ्याचा त्रास असेल तर कितीही अंतर चालेल, आवाजासाठी मात्र १०० मिमीचा आग्रह सोडू नका.

भिंतीच्या जाडीत एवढी जागा नसेल तर आतली चौकट भिंतीच्या आतल्या तोंडावर बसवता येते. सुकलेल्या, सरळ लाकडाच्या पट्ट्यांची पेटीसारखी चौकट करून ती भिंतीवर घ्यायची आणि तिच्यावर खिडकी लावायची. जुन्या खिडकीची कडी किंवा हँडल किती पुढे येते, पल्ला आत उघडतो की बाहेर, ग्रिल आणि जाळी कुठे आहे, हे अंतर ठरवण्याआधी पाहा. आत उघडणाऱ्या जुन्या पल्ल्याला आतली खिडकी उघडल्याशिवाय हलताच येणार नाही.

दोन्ही खिडक्यांमधल्या पोकळीच्या बाजूंना आणि वरच्या अंगाला २० ते २५ मिमी जाडीचा आवाज शोषणारा थर लावला तर आणखी काही डेसिबलचा फायदा होतो. कापडात गुंडाळलेली रॉकवूलची पट्टी किंवा अकूस्टिक फोम चालतो. खालच्या बाजूला लावू नका, तिथे पाणी साचते.

काच घ्यावी की ॲक्रिलिक

आवाजासाठी वजन लागते. काचेचे वजन प्रत्येक मिमी जाडीला चौरस मीटरमागे २.५ किलो: ४ मिमी काच १० किलो, ६ मिमी काच १५ किलो. ॲक्रिलिक त्याच्या निम्म्याहून हलके, ३ मिमी शीट चौरस मीटरला साडेतीन किलोच्या आसपास. वारा अडवायला ॲक्रिलिक उत्तम. ट्रकच्या आवाजाला ते पुरे पडत नाही.

दोन्ही काचा एकाच जाडीच्या घेऊ नका. प्रत्येक काचेला एक दुबळा स्वर असतो, जिथे ती आवाज सहज जाऊ देते. ४ मिमी काचेला तो साधारण ३००० हर्ट्झवर, ६ मिमीला २००० हर्ट्झवर येतो. जाडी सारखी असली की दोन्ही काचा एकाच ठिकाणी दुबळ्या पडतात. बाहेर ४ मिमी असेल तर आत ६ मिमी किंवा ६.४ मिमी लॅमिनेटेड काच घ्या. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमधे मऊ प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो कंपने गिळतो, त्यामुळे हा दुबळेपणा बराच कमी होतो आणि काच फुटली तरी तुकडे थराला चिकटून राहतात. बेडरूमसाठी आमची पहिली पसंती हीच. जमिनीलगतच्या किंवा मुलांच्या खोलीतल्या खिडकीला साधी काच लावूच नका; टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली) किंवा लॅमिनेटेडच हवी. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून तिचे माप दोनदा तपासून मगच ऑर्डर द्या.

१० मिमी काच घ्यायचा मोह होतो. १.२ गुणिले १.२ मीटरला ती ३६ किलो भरते, ६ मिमी काच २२ किलोच्या आत. त्या जादा वजनाने रोलर आणि बिजागऱ्या लवकर झिजतात, पल्ला झुकतो आणि फट पडते. तेच पैसे चांगल्या रबरावर आणि अंतरावर घाला.

साधी, फटी असलेली खिडकी बंद असताना साधारण २५ डेसिबल आवाज अडवते. तिच्या आत १०० मिमी किंवा जास्त अंतरावर नीट बंद होणारी ६ मिमीची खिडकी आली की जोडीची अडवणूक ४० च्या आसपास पोहोचू शकते. पडद्यांकडून आणि भिंतीवर चिकटवायच्या फोमकडून ही अपेक्षा ठेवू नका. त्यांनी खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरून येणारा अडत नाही.

उघडायची कशी

बिजागरीवर दारासारखी उघडणारी आतली खिडकी आवाजासाठी सर्वांत चांगली, कारण हँडल फिरवल्यावर पल्ला चारही बाजूंनी रबरावर दाबला जातो. उघडायला खोलीत जागा लागते, एवढीच अडचण. सरकती खिडकी सोयीची असते, पण तिचे दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तो मधला उभा सांधा आणि खालचा ट्रॅक इथून हवा येते. सरकती घ्यायचीच असेल तर दोन ओळी ब्रशपट्टी असलेले आणि मधल्या सांध्यात रबर असलेले सेक्शन मागा.

खिडकी क्वचितच उघडत असाल तर उचलून काढता येणारा एकसंध पल्ला स्वस्त आणि घट्ट पडतो. वजन १५ ते २० किलोच्या वर जात असेल तर त्याचे दोन भाग करा, नाहीतर साफसफाईला तो काढणे जिवावर येते. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडायची नसतील तर चुंबकपट्टीवर बसणारी ॲक्रिलिक शीट हा पर्याय आहे. हेअर ड्रायरच्या उष्णतेने ताणली जाणारी पातळ फिल्म वारा अडवते. आवाजावर तिचा परिणाम जवळजवळ नाही.

कायमची बंद, स्क्रूने आवळलेली आतली खिडकी कुठेही बसवू नका. मधली धूळ आणि ओल कधीच साफ करता येणार नाही आणि आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता बंद होईल. झोपायच्या खोलीतली किमान एक खिडकी हत्याराशिवाय, हाताने उघडता आलीच पाहिजे. गॅसचा गिझर, शेगडी किंवा ज्वलनावर चालणारे कोणतेही उपकरण असलेल्या खोलीत हवेचा कायमचा मार्ग आधी वेगळा ठेवा आणि नंतरच खिडकी घट्ट करा.

माप

रुंदी वर, मधे आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजा. उंचीही डावीकडे, मधे आणि उजवीकडे. आतली चौकट भिंतीच्या जाडीत जिथे बसणार आहे नेमक्या त्याच रेषेवर मोजा, कारण प्लास्टर आतबाहेर सारखे नसते. रुंदी १२०३, १२०० आणि ११९८ मिमी आली तर ११९८ धरा आणि दोन्ही बाजूंना ३ मिमी सोडून चौकट ११९२ मिमीची करून घ्या. उंचीला हाच नियम. मग दोन्ही कर्ण मोजा. त्यांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर भिंतीतली जागा गुण्यात (काटकोनात) नाही. चौकट तरीही काटकोनातच बनवा आणि उरलेली पाचरीसारखी फट बसवताना भरा. तिरक्या जागेला तिरकी चौकट केली तर पल्ला कधीच नीट बंद होत नाही.

काच चौकटीच्या खाचेपेक्षा प्रत्येक बाजूला ३ मिमी लहान ठेवा. ॲक्रिलिकला जास्त मोकळीक लागते: तापमानात ३० अंशांचा फरक पडला की १ मीटर शीट सुमारे २ मिमी वाढते. जागा नसेल तर ती मधे फुगते आणि कडेचे रबर सुटते.

बसवणे

लागणारे साहित्य: चौकट आणि पल्ले, ८ मिमी गिट्ट्या (स्क्रू धरण्यासाठी भिंतीच्या भोकात बसवायचे प्लग), ५ मिमी जाडीचे ८० मिमी लांब स्क्रू, प्लास्टिकच्या पाचरा, फोमची गोल दोरी, न्यूट्रल सिलिकॉन, ड्रिल, लेव्हल, ओळंबा, काच धरायला सक्शनचे हँडल आणि जाड हातमोजे. सिलिकॉन घेताना नळीवर न्यूट्रल लिहिलेले पाहा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन धातू गंजवते आणि लॅमिनेटेड काचेच्या कडेचा थर खराब करू शकते.

रिकामी चौकट जागेवर उभी करा, पल्ले आणि काच नंतर. खालची बाजू आधी लेव्हलमधे आणा; कमी असेल तिथे पाचर द्या. मग उभ्या बाजू ओळंब्यात घ्या आणि कर्ण पुन्हा मोजा. स्क्रूच्या खुणा कोपऱ्यापासून १५० मिमीवर आणि तिथून पुढे ४०० ते ५०० मिमी अंतराने करा. गिट्टी प्लास्टरमधे नव्हे, विटेत किंवा काँक्रीटमधे किमान ४० मिमी गेली पाहिजे. १५-२० मिमी प्लास्टर धरून भोक ६५ मिमी खोल पाडा आणि आतला भुगा फुंकून किंवा ब्रशने काढा; भुगा राहिला तर गिट्टी गरगर फिरते. खिडकीचा कट्टा ग्रॅनाइटचा किंवा संगमरवराचा असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवून डायमंड बिटने, पाणी सोडत भोक पाडा. हॅमरने दगडाला चीर जाते.

प्रत्येक स्क्रूच्या शेजारी पाचर असलीच पाहिजे. पाचरेशिवाय स्क्रू आवळला की चौकट भिंतीकडे ओढली जाते, मधे बाक येतो आणि पल्ला अडकतो किंवा एका बाजूला फट दिसते. बहुतेक तक्रारींचे मूळ इथे सापडते. स्क्रू एकदम आवळू नका. सगळे अर्धे लावा, कर्ण तपासा, मग आळीपाळीने कसा.

आता भिंत आणि चौकट यांच्यातली फट. फेस येऊन फुगणारा फोम सोयीचा वाटतो, पण साधा फोम जोराने फुगतो आणि चौकट वाकवतो. शिवाय हलका असल्यामुळे आवाज त्यातून जातो. १० मिमीपर्यंतच्या फटीत गोल दोरी दाबून वर ६ ते ८ मिमी सिलिकॉन द्या. त्याहून मोठी फट सिमेंटच्या मसाल्याने भरा, सुकू द्या आणि कडेला सिलिकॉन फिरवा. भिंत रंगवायची असेल तर खोलीच्या बाजूला रंग धरणारे ॲक्रिलिक सीलंट वापरा, सिलिकॉनवर रंग टिकत नाही.

सिलिकॉन पूर्ण पक्के व्हायला वेळ लागतो, साधारण दिवसाला २-३ मिमी खोलीपर्यंत. तोवर पल्ले जोरात उघडझाप करू नका.

काच पल्ल्यात बसवताना खाली दोन प्लास्टिकचे ठोकळे ठेवा, कोपऱ्यापासून रुंदीच्या साधारण चौथ्या हिश्शावर. काच धातूवर थेट टेकली तर कोपऱ्यातून तडकते. रबर कोपऱ्यात ताणून लावू नका. थोडे जास्त लांब कापून दाबत बसवा, कारण ताणलेले रबर काही आठवड्यांत आखडते आणि नेमकी कोपऱ्यात फट उघडते. फोमची चिकटपट्टी वापरणार असाल तर बंद पेशींची (क्लोज्ड-सेल) घ्या आणि पल्ला लावल्यावर ती जाडीच्या निम्म्यापर्यंत दबेल अशी निवडा. दाबलीच गेली नाही तर हवा अडत नाही. फार दाबली तर ती परत उभी राहत नाही.

चुंबकाच्या शीटसाठी चौकट आधी साबणाच्या पाण्याने आणि मग स्पिरिटने पुसा, नाहीतर पट्टी काही दिवसांत सुटते. चुंबकपट्टी आणि स्टीलची पट्टी आधी एकमेकींना चिकटवून, शीटवर लावून, मग शीट एकदाच चौकटीवर दाबा; दोन्ही वेगवेगळ्या चिकटवल्या तर रेषा जुळत नाहीत. खाली छोटा एल-अँगल द्या, वजन त्याच्यावर राहू दे आणि चुंबकाने फक्त धरून ठेवावे. शीट एक मीटरहून मोठी असेल तर ३ ऐवजी ५ मिमी घ्या, ३ मिमी वाऱ्याने आतबाहेर हलते. ॲक्रिलिकवर स्पिरिट किंवा अमोनियाचा काच-क्लीनर कधीच लावू नका, बारीक भेगांचे जाळे पडते.

मधे पाणी जमत असेल तर

थंडीत बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला दव दिसले तर खोलीतली दमट हवा आतल्या खिडकीच्या फटींतून पोकळीत जाते आहे. उपाय आतली खिडकी आणखी घट्ट करणे हा आहे. बाहेरच्या खिडकीला किंचित श्वास घेऊ द्या, तिची पाणी जायची छिद्रे उघडी असली की पोकळीतली ओल बाहेर निघते. उलट परिस्थिती दमट हवामानात, एसीच्या खोलीत होते: बाहेरची ओलसर हवा पोकळीत येते आणि गार झालेल्या आतल्या काचेवर बाष्प धरते. तिथे बाहेरची खिडकी जास्त घट्ट हवी आणि एसीचा झोत काचेवर नको. दोन्हींचा नियम एकच: ज्या बाजूची हवा उबदार आणि दमट, ती बाजू जास्त बंद. ओले प्लास्टर किंवा नवा रंग सुकण्याआधी खिडकी बंद करू नका. तीच ओल आत अडकते. सिलिका जेलच्या पुड्यांनी काही दिवस बरे दिसते, फट तशीच राहते.

उन्हाच्या दिशेच्या खिडकीत पोकळी बरीच तापते. तिथे प्लास्टिकच्या वस्तू किंवा कुंड्या ठेवू नका. साध्या काचेवर गडद फिल्म चिकटवली तर ऊन आणि सावली यांच्या सीमेवर ती तडकू शकते. फिल्म हवीच असेल तर टफन्ड काच घ्या.

काम झाल्यावर उदबत्तीची आणि कागदाच्या पट्टीची तपासणी पुन्हा करा, या वेळी आतल्या खिडकीवर. आवाज अजून येत असेल तर डोळे मिटून कान कडेकडेने फिरवा. चर्र, शिट्टीसारखा बारीक आवाज एका जागी मोठा होत असेल तर तिथे फट आहे. सगळीकडे सारखी, खोल घरघर येत असेल तर ती काचेतून किंवा भिंतीतून येते आहे, सिलिकॉनने ती जाणार नाही. अंतर वाढवणे किंवा लॅमिनेटेड काच घेणे एवढेच हाताशी राहते. वर्षातून एकदा ट्रॅक साफ करा, पाण्याची छिद्रे मोकळी करा, रबरावर सिलिकॉनचा स्प्रे मारा आणि कडक झालेले रबर बदला.